पिवळ्या वाटेचे उलटे बाण

१

सोलापूरहून पहिल्या एस.टी.नं हिवरखोरीच्या तलावावर फिरायला आलेल्या जोडप्यातले कमलम्मांचे यजमान तिकीट खिडकीसमोर उभे होते. त्यांचा चेहरा बघून खिडकीतल्या रेश्मानं आधीच पाण्याची बाटली पुढं केली होती.

त्यांची तक्रार सरळ होती. पिवळ्या वाटेनं बाण दाखवतील तसं निघालो. थोडं गेल्यावर झरा लागला, तर तिथल्या बाणानं माघारी धाडलं. दाराशी परत आलो, तर दारापलीकडच्या बाणानं दुसऱ्या अंगानं पिटाळलं. पक्षी बघायचं मचाण, तंबूंची जागा, पोरांचे झोपाळे सगळं मागं टाकत अख्ख्या टेकडीला वळसा घातला, तर समोर पुन्हा तोच झरा, आणि बाण पुन्हा म्हणतोय मागं फिरा. झऱ्यावरच्या फरशीवरून सरळ गेलो असतो तर चार ढांगांत दाराशी आलो असतो. मग ही वाट आखली कुणी आणि कशासाठी, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

कमलम्मा मात्र बाकावर निवांत बसून पायातले जोडे झटकत होत्या. "मला काही त्रास नाही झाला," त्या रेश्माला म्हणाल्या. "झऱ्याजवळ पाय आपोआपच वळले माझे. सवय असल्यासारखं वाटलं."

रेश्मा हसली आणि विसरून गेली. पण शेजारी कट्ट्यावर चहा पीत बसलेल्या फौजदारबाई विसरल्या नाहीत. कुणी सहज बोललेलं न विसरण्यावरच त्यांनी आयुष्यभर भाकरी मिळवली होती.

फौजदारबाई म्हणजे यशोदा ठोंबरे. पोलिसातून निवृत्त होऊन वैरागला स्थायिक झालेल्या. रोज सकाळी सुनेच्या स्कूटरवर तलावावर यायच्या, पिवळ्या वाटेनं टेकडीची फेरी मारायच्या आणि संध्याकाळी वैरागात चार बायकांना ऐकवायच्या की असा तलाव, अशी वाट आणि असे गुडघे पंचक्रोशीत कुणाचे नाहीत. आज पायात चमक भरली म्हणून त्या फेरीला गेल्या नव्हत्या, आणि नेमकं आजच हे घडावं याचा त्यांना मनातून राग आला होता.

उद्यानाचा अधिकारी युवराज धावत आला. माढ्याचा पोरगा, शिकलेला, इस्त्रीचा शर्ट कधी न चुरगळणारा. दुसऱ्या दिवशी, रविवारी, राज्याची समिती येणार होती. तलावाकाठच्या उद्यानांतून एक उद्यान निवडून त्याचा नमुना सगळ्या जिल्ह्यांत न्यायचा होता, आणि हिवरखोरीची पिवळी वाट हाच युवराजचा हुकमाचा पत्ता होता.

तो वाटेवर गेला आणि पडलेल्या तोंडानं परतला. तक्रार खरी होती. काल संध्याकाळी दार लावताना सगळे बाण ठीक होते. आता बरेचसे उलटे फिरले होते. आणि झऱ्याकाठच्या खांबाखाली त्याला एक पाना सापडला होता, दांड्याला निळा रंग फासलेला.

असा निळा रंग उद्यानात एकाच माणसाच्या हत्यारांना होता.

२

नावाडी कल्लप्पा अक्कलकोटकडचा. बुटका, रुंद खांद्यांचा, तोंडानं फटकळ. दोन-तीन वर्षांपूर्वी तो इथं आला तेव्हा तलावावर नावेशिवाय करमणूक नव्हती. मग पायवाटा झाल्या, लोक चालायला लागले आणि नाव धक्क्याला डुलत राहू लागली. गेल्याच आठवड्यात चहाच्या वेळी तो सगळ्यांदेखत म्हणाला होता की एक दिवस तुमचे बाणच उलटे करतो, मग बघा कोण चालतंय.

युवराजच्या मते यात शोधायला काही उरलंच नव्हतं. धक्का दाराजवळच. लोक पुन्हा पुन्हा दाराशी येणार, पाय दुखले की नावेत बसणार. शिवाय प्रत्येक फिरवलेल्या बाणाच्या खांबाशी एकेक सपाट दगड आणून ठेवलेला होता, बुटक्या माणसानं वर चढायला ठेवावा तसा. पाना कल्लप्पाचा, धमकी कल्लप्पाची, उंचीही कल्लप्पाची.

"संध्याकाळी त्याला नाव सोडायला सांगणार आहे," युवराज फौजदारबाईंना बाजूला घेऊन म्हणाला. "कुणाला बोलू नका, मॅडम. उद्याच्या आधी बोभाटा नको."

फौजदारबाईंनी कल्लप्पाकडं पाहिलं. तो धक्क्यावर बसून कमलम्मांच्या यजमानांना फुकट फेरी देतो म्हणून समजावत होता. नाव गेली तर हा माणूस कुठं जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. अक्कलकोटकडचं घर भावांनी वाटून घेतलं होतं आणि याची राहायची जागा म्हणजे नावेमागची पत्र्याची खोली.

त्या धक्क्यावर गेल्या आणि त्याला थेट विचारलं. कल्लप्पानं हात वर केले. "इल्ला री, बाई. तोंडानं बोललो, हातानं न्हाय केलं. पाना माजाच हाय. पन माजी पेटी उघडीच असती की. हिंदुराव नेतो, रंभाबाई नेती, साहेब बी नेतो."

फौजदारबाईंनी लंगडतच वाटेवरचे बाण बघून घेतले आणि युवराजकडून संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. युवराज नाराज होता, पण या बाईंना नाही म्हणणं वैराग परिसरात कुणाला जमलेलं नव्हतं. बाण मात्र आहेत तसेच ठेवायचे, अशी त्यांनी अट घातली.

"का?" युवराजनं विचारलं.

"कारण झऱ्यावरचा एक बाण फिरवलेला नाही," त्या म्हणाल्या. "तो का नाही फिरवला, ते मला कळायचंय."

३

तो बाण झऱ्याच्या पलीकडच्या काठावर होता. युवराजनं खांदे उडवले. घाईत राहिला असेल. पण फौजदारबाईंनी पाहिलं होतं की प्रत्येक फिरवलेल्या पाटीचा नट नीट आवळून बसवलेला होता, पाटी हलतसुद्धा नव्हती. ज्याला घाई असते तो नट आवळत बसत नाही.

त्यांनी एकेकाला गाठायला सुरुवात केली. आधी हृषीकेश. पायवाटा आखणारा हा सोलापूरचा तरुण समितीसाठी मुद्दाम आला होता आणि दाराजवळच्या मोठ्या रंगीत नकाशासमोर उभा राहून स्वतःच्याच कामाकडं पोटच्या पोरासारखा बघत होता. निळी वाट काठाकाठानं, तांबडी धरणाच्या भिंतीकडं, पिवळी टेकडीभोवती गोल. टेकडीच्या मधल्या दाट झाडीत पक्षी घरटी करतात म्हणून तिथं कुणाला सोडत नाहीत. झरा त्या झाडीतूनच येतो आणि भर उन्हाळ्यात तलाव तळाला गेला तरी वाहत राहतो, हे त्यानं कौतुकानं सांगितलं. आधी लोक झऱ्याशी येऊन पाय भिजतील म्हणून थबकायचे, म्हणून या आठवड्यातच त्यानं वर फरशी टाकून घेतली होती. आता सगळे बिनधास्त ओलांडतात, असं तो म्हणाला.

मग रखवालदार हिंदुराव. कपाटाएवढा उंच माणूस, मिशा त्याहून मोठ्या. तलावाखाली बुडालेल्या जुन्या हिवरखोरीत जन्मला आणि वर वसलेल्या नव्या हिवरखोरीत म्हातारा झाला. रात्री बार्शीला भाच्याच्या लग्नात होतो, सकाळी दार उघडायलाच आलो, असं त्यानं सांगितलं, आणि गाडीत बरोबर असलेल्या पाहुण्यांनी ते खरं ठरवलं. गस्त कशी घालता, असं बाईंनी विचारलं.

"रोजच्यावानी की. हिकडनं बी बघतो, तिकडनं बी बघतो," तो म्हणाला आणि मिशीला पीळ दिला.

शेवटी रंभाबाई. दाराजवळ पिठलं-भाकरीची टपरी. ठेंगणी, काटक, पहाट फुटायला चूल पेटवणारी, आणि आपल्या भाकरीबद्दल कुणी एक शब्द वाकडा बोललं तर ताट काढून घेणारी बाई. तीही जुन्या गावचीच. तिच्या मते बाण कुणी फिरवले हे विचारण्यात अर्थ नव्हता. माणसांना चालायला आणलंय ना, मग चालू द्या की.

"टेकडीच्या झाडीत काय आहे, रंभाबाई?"

"झाडी हाय," रंभाबाई म्हणाली आणि भाकरी उलटली. भाकरी अजून भाजली नव्हती, तरी तिनं ती उलटली, आणि हे फौजदारबाईंनी पाहिलं.

४

दुपारी उन्हं कलल्यावर फौजदारबाईंनी सगळ्यांना पिवळ्या वाटेवर चालायला लावलं. सबब साधी होती, बाण एकदा सगळ्यांच्या डोळ्यांखालून घालायचे. युवराज पुढं, मागं हृषीकेश, कल्लप्पा वल्हं खांद्यावर घेऊन, रंभाबाई पदर खोचून, आणि शेवटी हिंदुराव. फौजदारबाईंचा पाय ठणकत होता, पण तो दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

झऱ्याशी आल्यावर त्या सहज म्हणाल्या की पलीकडं जाऊन तो न फिरवलेला बाण बघू.

युवराज बुटांसकट फरशीवरून गेला. हृषीकेश आपली फरशी पायानं ठोकून बघत गेला. कल्लप्पानं फरशीचीसुद्धा वाट पाहिली नाही, वल्ह्याचा टेकू घेऊन एका उडीत पलीकडं. रंभाबाई मात्र काठावरच खाली बसली. काटा मोडला म्हणाली आणि पाय हातात घेऊन बघत राहिली. हिंदुरावही थांबला. "तुमी व्हा फुडं, मी हिकडनं बघतो," तो म्हणाला.

फौजदारबाई पलीकडं निघाल्या होत्या. त्यांचा पाय उचललेला तसाच राहिला. झऱ्याच्या पाण्यातून एक हिरवं पान वाहत आलं, फरशीच्या कडेला अडकलं आणि फिरू लागलं. तीन पानांचं एक पान. बेलाचं.

झाडीत बेल असेल तर नवल नव्हतं. पण हे पान देठाशी नखानं खुडलेलं होतं.

आणि मग सकाळी बाकावर जोडे झटकणाऱ्या कमलम्मा त्यांना आठवल्या. पाय आपोआप वळले. सवय असल्यासारखं. सोलापूरच्या कमलम्मांच्या पायांना सवय असेल तर ती कशाची? आधी जवळच्या अंगानं पाण्यापर्यंत जायचं, माघारी फिरायचं, मग लांबच्या अंगानं पुन्हा त्याच पाण्यापर्यंत, आणि माघारी. ही सवय फौजदारबाईंच्या पायांनाही होती. दर सोमवारी होती.

त्यांनी उचललेला पाय मागं घेतला. सगळ्यांना संध्याकाळी धक्क्यावर जमायला सांगितलं, आणि गर्दी पांगल्यावर काठीनं काटेरी झुडपं बाजूला सारत त्या झऱ्याच्या कडेकडेनं, पाणी न ओलांडता, झाडीत शिरल्या.

परतल्या तेव्हा त्यांच्या पदराला काटे होते आणि चेहऱ्यावर असं काही होतं की रेश्मानं विचारायचं धाडस केलं नाही.

५

धक्क्यावर सगळे जमले. सूर्य धरणाच्या भिंतीवर टेकायला आला होता. युवराजनं घसा साफ केला आणि कल्लप्पाकडं वळला, पण फौजदारबाईंनी हातानंच त्याला थांबवलं.

त्यांनी सुरुवात केली ती कल्लप्पापासूनच. गिऱ्हाईक ओढायचं असतं तर त्यानं दाराजवळचा एक बाण धक्क्याकडं वळवला असता आणि झोपला असता. टेकडीमागच्या लांबच्या पाट्या फिरवून लोकांना धक्क्यापासून दूर धाडण्यात नावाड्याचा काय फायदा? खोडी म्हणावी, तर खोडकर माणूस बाण वाटेल तसे फिरवतो. इथं एकही बाण वाटेल तसा नव्हता. न फिरवलेल्या बाणाचं उत्तरही त्यातच होतं. पलीकडच्या काठावरचा तो बाण आधीपासूनच झऱ्याकडं पाठ करून होता. त्याला हात लावायची गरजच नव्हती.

"म्हणजे ज्यानं हे केलं त्याला दोनच गोष्टी हव्या होत्या," त्या म्हणाल्या. "लोकांनी टेकडीला फिरावं, आणि तो झरा कुणी ओलांडू नये. अशी फेरी आपल्यात एकाच देवाला घालतात, युवराज. महादेवाला. त्याच्यावरून वाहून आलेलं तीर्थ ओलांडत नाहीत. तिथवर जायचं आणि मागं फिरायचं, दोन्ही अंगांनी."

हृषीकेशनं मागं वळून नकाशाकडं पाहिलं. त्याच्या गोल पिवळ्या रेघेच्या आत फक्त हिरवा रंग होता.

झाडीत पिंड आहे, फौजदारबाईंनी सांगितलं. काळ्या पाषाणाची, जुन्या दगडी चौथऱ्यावर, समोर झिजलेला नंदी. झरा पिंडीच्या पायथ्यातून निघतो. भोवतीची जमीन आज सकाळी झाडलेली आहे. हे ज्यांना माहीत आहे ती माणसं जुन्या हिवरखोरीची, आणि आज पाण्याशी अशी दोनच माणसं थांबली. हिंदुराव बार्शीला होता, शिवाय त्याला त्या पाट्यांपर्यंत पोचायला दगडाची गरज नाही. उरलं ते एकच माणूस, जे पहाटे चूल पेटवायला सगळ्यांआधी येतं.

"आणि या भानगडीत," त्या सावकाश म्हणाल्या, "आज संध्याकाळी कल्लप्पाची नाव जाणार होती."

रंभाबाई उभी राहिली. स्वतःचं नाव कुणी घ्यायची वेळच तिनं येऊ दिली नाही.

"हे मला कुनी सांगितलं न्हाय," ती म्हणाली. ती कल्लप्पाकडं बघत होती. "तुजा पाना नेला, तितंच इसरले. तुज्यावर येईल आसं मनात बी न्हवतं आलं, बाबा."

कल्लप्पा एवढंच म्हणाला की पेटीला आता कुलूप लावतो, आणि रंभाबाईच्या डोळ्यांत पाणी असूनही ती हसली.

मग ती युवराजकडं वळली, आणि आता तिची मान ताठ होती. "व्हय, मीच फिरवलं. फरशी टाकल्यापास्नं बुटं घालून समदी त्येच्यावरनं जायाला लागली. रोज पिठलं हाटताना बघत व्हते मी. दोन दिस बगितलं, तिसऱ्या दिशी न्हाय बगवलं."

"मला सांगायचं होतं, मावशी," युवराज म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता, रागावलेला नव्हता. "मी ऐकलं नसतं का?"

"आयकलं आसतंस. मंग तितं कठडा लावला आसता, दिवा लावला आसता, आन त्येच्या दर्शनाला तिकीट लावलं आसतं." रंभाबाईनं तलावाकडं हात केला. "आमचं गाव पान्यात गेलं, साहेब. घरं गेली, शाळा गेली, म्हसनवटा बी गेला. ह्यो एकटा कोरडा ऱ्हायला. ज्येनं त्येनं शपथ घेतली की कुनाला दावायचा न्हाय. आमच्याकडं आमचं म्हनावं आसं दुसरं काय बी न्हाय."

हिंदुरावनं डोक्यावरचा फेटा काढून हातात धरला होता. रोज या टेकडीला फेऱ्या मारून आपण वैरागात फुशारक्या मारल्या, आणि टेकडीचा मालक मात्र या दोघांनी मुकाट्यानं सांभाळला, हे फौजदारबाईंच्या मनात आलं, आणि त्यांना या दोघांचा मनापासून अभिमान वाटला.

युवराजनं नकाशाकडं पाहिलं. उद्या समिती. रातोरात बाण पूर्ववत करता आले असते, नाही तर समितीला या जुन्या पिंडीची बातमी देऊन भाव खाता आला असता.

"हृषीकेश," तो म्हणाला, "ती फरशी काढायला किती वेळ लागेल?"

६

रविवारी समिती आली. पुढं होत्या समितीच्या अध्यक्ष महेश्वरी बाई, पुण्याहून आलेल्या, पांढऱ्या केसांच्या, हातात छत्री, आणि कुठलंही उद्यान फारसं आवडत नाही अशी ख्याती असलेल्या. त्यांनी निळी वाट बघितली, तांबडी बघितली, मचाणावर चढून उतरल्या आणि काही म्हणाल्या नाहीत. मग पिवळी.

झऱ्याशी फरशी नव्हती. पाणी मोकळं वाहत होतं आणि बाण मागं फिरा म्हणत होता. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, की ही मोठीच चूक दिसते, चार ढांगांत पलीकडं जाता येतं आणि लोकांना मागं फिरवतात.

युवराजचं तोंड उघडलं आणि मिटलं. रंभाबाईनं त्याला सकाळीच अट घातली होती, की पाटी नको, खुलासा नको, नाव नको. पिढ्यान्‌पिढ्या कुणी पाटी वाचून फिरलं नव्हतं, आणि इथून पुढंही फिरणार नव्हतं. त्यानं कबूल केलं होतं. गेली दोन वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस पाण्यात जाताना दिसत होता, तरी तो गप्प राहिला. फौजदारबाई मागं उभ्या होत्या. माढ्याच्या या इस्त्रीवाल्या पोरासाठी त्यांची छाती तेव्हा जेवढी फुगली तेवढी स्वतःच्या कुठल्याही तपासानं फुगली नव्हती.

महेश्वरी बाई पाण्याकडं बघत होत्या. मग झाडीकडं. मग मागच्या वळणाकडं, जिथून आल्या होत्या. त्यांनी छत्री मिटली, वाकून चपला काढल्या, दोन बोटं पाण्यात बुडवून डोळ्यांना लावली आणि एक शब्द न बोलता मागं वळल्या.

"बाई, वाट तर पुढं..." ते गृहस्थ म्हणाले.

"पलीकडं नाही जायचं," महेश्वरी बाई म्हणाल्या. "चला. अजून दुसरं अंग चालायचंय."

लांबच्या अंगानं मंडळी पुन्हा पाण्याला शिवून दाराशी परतली तेव्हा सगळ्यांचे पाय भरून आले होते, आणि कल्लप्पानं नाव पुसून तयार ठेवली होती. समितीतले बहुतेक जण लगेच तिच्यात बसले. महेश्वरी बाई मात्र टपरीपाशी थांबल्या आणि भाकरी मागितली. रंभाबाईनं पहिली तव्यावरची, फुगलेली, त्यांच्या ताटात घातली.

निकाल काय लागायचा तो पुढं लागेल. युवराजनं त्याबद्दल विचारलंसुद्धा नाही. तो दाराजवळच्या नकाशासमोर हृषीकेशबरोबर उभा होता. पिवळी रेघ आता गोल नव्हती. झऱ्यापाशी ती दोन्ही बाजूंनी थांबत होती, आणि मधल्या हिरव्या रंगाला हृषीकेशनं हात लावला नव्हता.

त्या संध्याकाळी वैरागात बायकांनी फौजदारबाईंना विचारलं, की तलावावर म्हणे मोठं प्रकरण झालं, काय सापडलं?

बाईंनी दुखरा पाय लांब केला. अख्ख्या नोकरीत एकही तपास त्यांनी न सांगता पोटात ठेवला नव्हता.

"झाडी आहे," त्या म्हणाल्या.

पण इतक्या अभिमानानं म्हणाल्या, की दुसऱ्या दिवशी त्या चारी बायका पिवळी वाट चालायला बरोबर आल्या, आणि झऱ्याशी आल्यावर कुणी न सांगता मागं फिरल्या.